सर्टिफिकेटचा विचार करणारा

सर्टिफिकेटचा विचार करणारा हा मनुष्यप्रकार सर्व व्यापारी शहरांत आढळतो. मात्र त्याचा पूर्ण वाढलेला नमुना सुरतेच्या पर्वत पाटिया भागात पाहावा. एका अंगाला लिंबायत आणि गोडादरा, दुसऱ्या अंगाला मगोब आणि सारोलीची कपडा मार्केटे, अशा या टापूत खानदेशी कुटुंबे बऱ्याच वर्षांपासून नांदत आहेत. वडील भुसावळ लाइनच्या गाडीने लूमवर कामाला आले. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत शिकला, बी.कॉम. झाला आणि मार्केटातल्या पेढीवर कॉम्प्युटरसमोर बसला. वय पंचवीस ते पस्तीस. घरी अहिराणी, पेढीवर गुजराती, गिऱ्हाइकाशी हिंदी आणि विचार करताना इंग्रजी, हे त्याचे भाषिक वाटप.

विचाराचा विषय बहुधा सेल्सफोर्स अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा हा असतो. 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या या कंपनीचे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांची माहिती, विक्री आणि तक्रारी सांभाळते. कोणाला खाते द्यायचे, कोणाला काय दिसू द्यायचे, माहिती शुद्ध कशी ठेवायची आणि साहेबाला रिपोर्ट कसा काढून द्यायचा, हे पाहणारा तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. कोडिंग येण्याची सक्ती नाही. या शेवटच्या वाक्यावरच प्रस्तुत प्रकाराचा जन्म होतो.

परीक्षेचा तपशील त्याला तोंडपाठ असतो. गुण मोजले जाणारे 60 प्रश्न, वेळ 105 मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी 65 टक्के. याचा हिशेब त्याने केव्हाच मांडलेला असतो: 39 बरोबर, 21 चुका माफ. इतक्या चुका माफ असलेला दुसरा धंदा त्याच्या पाहण्यात नाही. पेढीवर जीएसटी नंबराच्या 15 अक्षरांतले एक चुकले तरी पार्टी बिल परत पाठवते. यांखेरीज गुण न मोजले जाणारे काही प्रश्नही पेपरात मिसळलेले असतात आणि ते कोणते हे सांगत नाहीत. फुकट घाम गाळायला लावणारी ही पद्धत त्याला शेठमुळे परिचित आहे.

फीच्या बाबतीत हा प्रकार अत्यंत जागरूक असतो. मूळ फी 200 डॉलर, वर कर. नापास झाल्यास पुन्हा बसायला 100. तो डॉलरचा भाव रोज पाहतो. भाव चढला की उतरेपर्यंत थांबतो. उतरला की आणखी उतरेल म्हणून थांबतो.

अभ्यासाची सामग्री मात्र फुकट आहे. कंपनीच्या ट्रेलहेड या शिकवणीत धडा संपला की बॅज मिळतो. 100 बॅज आणि 50,000 गुण झाले की रेंजर ही पदवी. विचार करणारा बॅज नियमाने गोळा करतो. रेंजर होऊनही परीक्षेचा अर्ज न भरलेले नमुने दुर्मीळ नाहीत.

सल्लागार तीन. हिंजवडीतला मावसभाऊ म्हणतो, ‘सर्टिफिकेटने फक्त बायोडाटा उघडला जातो, पुढचं अनुभवावर.’ गोडादऱ्यातला मित्र म्हणतो, ‘करी टाक भो!’ त्याने स्वतः काहीही केलेले नसते. शेठ म्हणतो, ‘ए बधुं पछी, पहेलां बिल काढ.’ चौथे मत आईचे. सर्टिफिकेट चालू ठेवायचे तर दरवर्षी नवा धडा पुरा करावा लागतो, हे ऐकल्यावर ती विचारते, ‘म्हणजे हे शिक्षण आहे का विम्याचा हप्ता?’ मात्र स्थळ पाहताना बायोडाट्यात ‘कोर्स चालू आहे’ हे तीच लिहवून घेते.

तारखेचा प्रश्न ऋतुमानाशी निगडित आहे. मार्चमध्ये वर्षअखेरीचे हिशेब असतात. एप्रिल-मेमध्ये लग्नसरा: निम्मी मार्केटात, निम्मी अमळनेर-शिरपूरकडे. पावसाळ्यात खाडीपुराची धास्ती, आणि पाणी ओसरताच राखीपासून दिवाळीपर्यंत सीझन. दिवाळीनंतर लाभपाचमीपर्यंत मार्केट बंद असते. हे दिवस अभ्यासाला उत्तम म्हणून तो ते गावी घालवतो. हिवाळा मोकळा असतो. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा येते, तेव्हा पुढची येऊ द्यावी असे ठरते.

घरून परीक्षा देण्याची सोय आहे, तीही अडचणीची. कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसावे, खोलीत दुसरे कोणी येऊ नये, प्रश्न पुटपुटत वाचू नये, असे नियम. एका खोलीत पाच माणसे राहतात तेथे एकांत मिळवायचा तर चौघांना जिन्यात बसवावे लागते, आणि ती का बसली आहेत हे संबंध सोसायटीला कळते. नापास झाल्यास फीपेक्षा हे महाग पडते.

या सर्वांत एक गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. पेढीवर नव्या पोऱ्याला पासवर्ड तोच देतो, खरेदीचे भाव सेल्समनला दिसू नयेत याची तजवीज तोच करतो, एकाच पार्टीची तीन नावांनी पडलेली खाती तोच एकत्र करतो, आणि रात्री आठ वाजता उधारीचा रिपोर्टही तोच काढतो. अभ्यासक्रमातला बराचसा भाग तो रोज पगारावर करतो. फक्त त्या कामाला पेढीवर ‘जरा कॉम्प्युटर बघ’ म्हणतात.

अखेरीस या प्रकाराच्या तीन शाखा होतात. पहिली फी भरते, पास होते आणि पुणे किंवा अहमदाबादला अर्ज धाडू लागते. ही संख्येने लहान. दुसरी लग्न आणि पगारवाढ एकाच वर्षी झाल्याने विचार सोडते. तिसरी, सर्वांत मोठी, परीक्षा न देताच तिची जाणकार होते. कोणता धडा आधी करावा, फेरपरीक्षेला कधी बसावे, घरातल्यांना कोठे बसवावे, हे ती नवख्यांना चहावर सांगते. तिच्या सल्ल्याने पास झालेली मुले तिला सर म्हणतात. चहाचे पैसे तीच देते. 200 डॉलरांच्या मानाने ते तिला परवडतात.