लालबाग ते गिरगाव, लिटरला पाऊण किलोमीटर

लालबाग ते गिरगाव चौपाटी हा मुंबईतला सर्वांत लांबचा प्रवास आहे. अंतर जेमतेम आठ किलोमीटर, पण अनंत चतुर्दशीला ते कापायला लागतो तेवढ्या वेळात विमान न्यूयॉर्कला पोचतं. लालबागचा राजा सकाळी निघतो आणि दुसऱ्या दिवशीच समुद्राला भेटतो. 2025 साली 6 सप्टेंबरला निघालेल्या राजाचं विसर्जन भरतीमुळे 7 तारखेच्या रात्रीवर गेलं. राजाला डिझेलची फिकीर नाही. फिकीर आहे ती त्याच्या मागेपुढे रांगणाऱ्या, लहान मंडळांनी भाड्याने आणलेल्या जुन्या ट्रकची. एरवी वाडीबंदरहून माल वाहणारा हा गडी, टाटांनी 1954 साली मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार करून आणलेल्या इंजिनांच्या घराण्यातला. ना टर्बो, ना कॉम्प्युटर. त्याचं अ‍ॅव्हरेज सुधारावं म्हणून मेकॅनिक नोझल बदलतात, पंपाचं कॅलिब्रेशन करतात, मालक टायरची हवा तपासतो. सगळं योग्यच. पण या शहरात जुन्या ट्रकचं डिझेल चालण्यात कमी आणि उभं राहण्यात जास्त जातं, असं माझं म्हणणं आहे, आणि ते पटवायला चतुर्दशीइतका चांगला साक्षीदार नाही.

हिशेब सरळ आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार तिकडचा अवजड ट्रक नुसता उभा राहून तासाला सुमारे तीन लिटर डिझेल पितो. आपलं इंजिन लहान, म्हणून एकच लिटर धरू. बारा तासांची मिरवणूक म्हणजे बारा लिटर आणि आठ किलोमीटर. हमरस्त्यावर हाच ट्रक लिटरला चार किलोमीटर देत असेल तर तेवढं अंतर दोन लिटरमध्ये आटोपतो. इथे लिटरला पाऊण किलोमीटरही पडत नाही. पहिल्या गिअरमध्ये रांगण्याचा खर्च वेगळाच. पेट्रोलियम बचतीच्या सरकारी पत्रकांत ताशी 45 ते 55 किलोमीटर वेग ठेवा, असं सांगतात. नागपाड्याहून दोन टाकीकडे निघालेल्या ड्रायव्हरला हे वाचून दाखवणाऱ्याने हेल्मेट घालून जावं. टपावर हवा कापणारा पत्रा बसवा, हा सल्लाही महामार्गासाठी ठीक; हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सी. पी. टँकच्या वेगाला तो शून्यच. त्यामुळे बंपरवरची लिंबू-मिरची आणि दोन्ही बाजूंच्या झेंडूच्या माळा निर्दोष सुटतात. गुलाल मात्र सुटत नाही. तो एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि त्याचा हिशेब तिथे नव्हे, पंधरा दिवसांनी भरलेल्या मालासह कसारा घाट चढताना काळ्या धुराने चुकता होतो.

मग इंजिन बंद करा, एवढंच ना? इथे आक्षेपांची मिरवणूक सुरू होते. पहिला आक्षेप, पुन्हा चालू करायला जास्त डिझेल लागतं. तापलेल्या इंजिनाला स्टार्ट करायला जेवढं लागतं तेवढं ते काही सेकंद उभं राहूनच पितं. आणि टर्बो थंड व्हायला वेळ द्यावा म्हणावं, तर तो मुळात नाहीच. दुसरा, सेल्फ लागत नाही. यात तथ्य आहे, पण बॅटरी मेली म्हणून बारा तास इंजिन जिवंत ठेवणं हा बॅटरीवरचा इलाज नव्हे. शिवाय धक्का मारायला एवढी उत्साही माणसं ट्रकला वर्षातून एकदाच मिळतात. तिसरा आक्षेप खरा आणि गंभीर आहे: हवेच्या ब्रेकचं प्रेशर उतरतं. गर्दीत यावर विनोद नको. उतारावर इंजिन चालूच राहू द्यावं, सपाटीला चाकाखाली ओंडका लावावा, आणि निघण्यापूर्वी प्रेशरचा काटा वर आल्याशिवाय चाक हलवू नये. मात्र दहा मिनिटांत हवा उतरत असेल तर गळती इंजिनाने झाकायची नसते, गॅरेजमध्ये काढायची असते. राहता राहिला चिंचपोकळीचा रेल्वेपूल. तिथे एका वेळी 16 टनांपेक्षा जास्त भार नको, थांबू नका, नाचू नका, असं महापालिका बजावते. डिझेलबचतीचं ध्येय मनात नसताना इतकी उत्तम डिझेलबचत दुसऱ्या कुठल्या सूचनेने केलेली नसेल.

जुना ट्रक भंगारात काढा, हा शेवटचा उपाय सांगणाऱ्यांचं मी अर्धं मान्य करतो. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांचा धूर पुष्कळ स्वच्छ आहे, आणि परळ-लालबागच्या फुप्फुसांना तो फरक कळतो. पण प्रश्न लिटरचा असेल, तर उभी राहिलेली नवी गाडीही शून्य किलोमीटरच देते, वर तिच्या हप्त्याला विसर्जन नसतं. हप्ते न झेपणाऱ्या मालकाला चावी फिरवणं हा एकमेव फुकटचा सुटा भाग आहे. म्हणूनच बहुधा तो कोणी विकत नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही. विकला जातो तो डिझेलच्या पाइपवर बसवायचा लोहचुंबक. पहाटे चौपाटीवरून रिकामा ट्रक मोकळ्या रस्त्याने वाडीबंदरला परततो, अ‍ॅव्हरेज एकाएकी सुधारतं, आणि मालक त्या चुंबकाकडे कौतुकाने बघतो.