पाठीवरची हौस

विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये मीरा रोडला चढणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही, पण वाचायला भरपूर मिळतं. समोर चौघे बसलेले, चौघांच्या नाकासमोर चार मोबाइल, आणि चारही मोबाइलांच्या पाठी आपल्याकडे. एकीवर अष्टकोनी राजमुद्रा. दुसरीवर सोनेरी उर्दू अक्षरांत कुणाचं तरी नाव. तिसरीवर पिवळी जर्सी आणि सात नंबर. त्या माणसाचं नाव विचारायची गरज नाही. चौथीवर दात नसलेलं एक बाळ हसतंय.

गंमत म्हणजे यातलं काहीच मालकाला दिसत नाही. तो आपला पुढच्या बाजूला रील बघण्यात गुंग. पैसे त्याचे, करमणूक आपली. आरशासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढणारी तरुण मंडळी तेवढी याला अपवाद. त्यांच्या फोटोत चेहरा अर्धा आणि मोबाइलची पाठ पूर्ण येते, म्हणून ती पाठीवर चिकटवायची स्किन निवडायलाही लग्नाच्या साडीइतका वेळ घेतात.

ही हौस पुरवणारी दुकानं बघायची तर स्टेशनच्या पूर्वेला नया नगरमध्ये यावं. एके काळी हा सगळा मुलूख मिठागरांचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सय्यद नझर हुसेन यांनी इथे वसाहत उभी करायला घेतली, आणि पुढे मुंबईतल्या गल्ल्यांतून बिऱ्हाडं इकडे येत गेली. आता हैदरी चौकाच्या आसपास कबाब, अत्तर, बुरखे आणि मोबाइल अशी दुकानं एकमेकांना खेटून आहेत. रमजानमध्ये तर रात्री उशिरा इथे दिवस सुरू होतो. आमची वहिनी पुण्याहून आली की तुळशीबाग विसरून इथे हिंडते.

मोबाइलचं दुकान म्हणजे केवढं? आतून एक गिऱ्हाईक निघाल्याशिवाय दुसरं आत जाऊ शकत नाही एवढं. भिंतभर कव्हरं टांगलेली, कोपऱ्यात प्रिंटरएवढं एक यंत्र. काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न विचारतो, ‘‘मॉडल बोलो.’’ माझ्या वयाच्या माणसाला स्वतःच्या मोबाइलचं मॉडेल ठाऊक नसतं. ‘‘काळा आहे,’’ असं आम्ही सांगतो. मग तो मोबाइल हातात घेतो, वैद्य नाडी बघतो तसा अंगठा कॅमेऱ्याच्या उंचवट्यावरून फिरवतो आणि कंपनी, मॉडेल, कोणत्या साली घेतला, सगळं सांगून मोकळा होतो.

पुढचं काम बघण्यासारखं आहे. पोरगा मॉडेलचं नाव निवडतो, यंत्रात चिकट कागदाचा ताव सरकवतो, आणि आतली नखाएवढी पाती करकर करत फिरते. कॅमेऱ्याचे डोळे, फ्लॅश, कडेची बटणं, सगळ्यांच्या खिडक्या कापते. पण फक्त वरचा थर. खालच्या मेणचट कागदाला ओरखडाही नाही. या चिकटकामाचा मूळपुरुष म्हणावा असा एक माणूस लॉस एंजेलिसला होऊन गेला, स्टँटन एव्हरी. १९३५ साली त्याने सोलून लावायची लेबलं बाजारात आणली. पाणी नको, उष्णता नको, नुसतं दाबलं की चिकटलं. त्याआधी लेबल म्हटलं की जीभ ओली करणं आलं.

सोलायच्या आधी मात्र दुकानातला पंखा बंद होतो. धुळीचा एक कण जरी खाली सापडला तरी आयुष्यभर त्याची टेकडी होते. मीरा रोडच्या मे महिन्यात, खाडीची दमट हवा, बंद पंखा, आणि सात-आठ माणसं श्वास रोखून एका मोबाइलच्या पाठीकडे बघतायत. पोरगा आधी कॅमेऱ्याची खिडकी बसवतो, मग मधून कडेकडे प्लास्टिकचं कार्ड दाबत नेतो, बुडबुडे बाहेर पळवतो. कोपरे ऐकत नाहीत, त्यांना हेअर ड्रायरचा शेक. शेवटी पंखा लागतो आणि ज्यांचा मोबाइल नाही तेसुद्धा ‘‘मस्त बैठा’’ म्हणतात.

इथे कुणी तरी विचारणार, याने मोबाइल वाचतो का? नाही. पडला तर फुटतोच. फार तर तुकडे एकत्र राहतात. आणि हाच मला आवडलेला भाग. आमची पिढी झाकणाऱ्यांची. ट्रान्झिस्टरला भोकाभोकांचं चामडी कव्हर, रिमोटला प्लास्टिक, सोफ्याला खोळ. फ्रिजच्या हँडललासुद्धा कापडी बाही शिवणारी घरं मी पाहिलीत. त्यात जपणूक होती, दाखवणं पाप होतं. नोकियाने १९९८ मध्ये ५११० या मोबाइलला पुढचं कव्हर बदलायची सोय दिली, तेव्हा एक यंत्र रोज नवा सदरा घालू शकतं हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. आता कंपन्या ‘मिडनाइट’, ‘टायटॅनियम’ अशी नावं देऊन रंग काढतात, आणि आम्ही पहिल्याच संध्याकाळी नया नगरात येऊन त्यावर मोरपीस चिकटवतो.

अडचणी येतात त्या चित्राच्या. मोबाइलचे कॅमेरे इतके फोफावलेत की वरचा कोपरा त्यांनीच बळकावलाय. एका आजोबांनी नातवाचा फोटो छापायला दिला होता. यंत्राने खिडक्या कापल्या तेव्हा नेमका एक कान आणि अर्धं कपाळ गेलं. पोराने फोटो खाली सरकवला, तर हनुवटी गेली. शेवटी नातू लहान करून मधोमध बसवला. आजोबा म्हणाले, ‘‘आहे त्यापेक्षाही बारीक दिसतोय, सून मला बोलेल.’’

दुसरी अडचण खिशाची. माझ्यासमोर एका कॉलेजातल्या मुलाने राजमुद्रा निवडली. या अष्टकोनाला २०२२ च्या सप्टेंबरमध्ये भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजावर मान मिळाला. बुलेटच्या टाक्यांवर रेडियमवाल्यांनी तो कधीच आणला होता. रांगेतल्या एका काकांनी मुलाला विचारलं, ‘‘बाळा, फोन ठेवतोस कुठे?’’

‘‘मागच्या खिशात.’’

‘‘म्हणजे तू महाराजांच्या मुद्रेवर बसणार?’’

मुलगा गोरामोरा झाला. तेवढ्यात आमच्या शेजारच्या आपा, ज्या अल्लाचं नाव लिहिलेली जुनी स्किन काढायलाच आल्या होत्या, म्हणाल्या, ‘‘सही बोल रहे हैं भाईसाब. मेरा तो फोन बाथरूम तक जाता है, इसीलिए निकलवा रही हूँ.’’ आपांनी निळी बेलबुट्टी घेतली. मुलाने शर्टाला खिसा नाही हे चाचपून पाहिलं आणि कार्बन फायबरवर समाधान मानलं. काढलेल्या स्किनची गुंडाळी पोराने कचऱ्यात टाकली नाही. कागदात घडी करून आपांच्या हातात दिली. हल्ली तो असलं काही कापायच्या आधी स्वतःच विचारतो, ‘‘आगे की जेब या पीछे की?’’ पर्सवाल्यांना प्रश्न नाही.

माझ्या मोबाइलच्या पाठीला लाकूड आहे. म्हणजे लाकडाचं चित्र, रेषा, गाठी आणि हाताला लागेल असा खरखरीतपणा. देवाचा प्रश्न नाही, नातवाचा नाही, कोणत्याही खिशात चालतं. परवा स्वयंपाकघरातली कपाटं करायला सुतार आला होता. माप घेता घेता त्याची नजर ओट्यावरच्या मोबाइलवर गेली. त्याने तो उचलला, उजेडात धरला, नखाने कड चाचपली आणि गंभीरपणे म्हणाला, ‘‘सनमायका अच्छा है साहब, पर कोना उठ रहा है. फेविकॉल मार दूँ?’’