एक वीज येते, एक जाते

वीज दिसल्यावर बटण दाबणाऱ्याला विजेचा फोटो मिळत नाही. मिळतो तो ती गेल्यानंतरच्या काळोखाचा. लखलखाट हा जेमतेम पाव-अर्ध्या सेकंदाचा खेळ. तो पाहून बोट हलेपर्यंत माणसाचा पाव सेकंद जातो, त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा आळस वेगळा. म्हणून या विद्येत दार आधी उघडून ठेवायचे आणि पाहुणीची वाट पाहायची, अशी रीत आहे.

पाहुणी येते ती वळवाबरोबर, एप्रिल-मे महिन्यांत. भर पावसाळ्यात घाटमाथ्यावर जाणाऱ्याला धुके आणि भिजलेले मोजे यांखेरीज फारसे काही टिपता येत नाही. पुण्याचा शिकाऊ छायाचित्रकार दुपारी ढग काळवंडले की निघतो, खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळतो आणि वाई मागे टाकून पसरणीच्या घाटाला लागतो. वाटेत चहाला थांबलेच पाहिजे, कारण ढगांचा अंदाज टपरीवाल्याइतका ठामपणे कोणीच देत नाही. ‘आज काय पडत नाय’ असे त्याने सांगितले, की ट्रायपॉडवर प्लास्टिकची पिशवी चढवावी.

घाटातून खाली वाईचे दिवे दिसतात. ते दिसताहेत तोवर फोकस उरकायचा. अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो, म्हणून दूरचा एखादा दिवा पडद्यावर मोठा करून हाताने तो नेमका करायचा आणि मग भिंगावरच्या फोकसच्या कड्याला बोट लावायचे नाही. उशीर करून चालत नाही. आकाशात वीज आली की गावातली वीज जाते, हा इथला जुना शेजारधर्म आहे. दिवे गेल्याने फोकसाला आधार उरत नाही, पण आभाळ मात्र छान काळे होते. छायाचित्रणाच्या दृष्टीने गावातली वीज जाण्याचा एवढाच उपयोग आजवर लक्षात आला आहे.

बाकीची मांडणी सोपी आहे. आयएसओ १०० किंवा २००, शटर १० ते ३० सेकंद उघडे, आणि बटणाला हात लागून कॅमेरा हलू नये म्हणून केबल. यातली खरी मेख अ‍ॅपर्चरची. वीज क्षणात येऊन जाते, त्यामुळे शटर १० सेकंद उघडे असो की ३०, फोटोतली ती तेवढीच उजळ दिसते. तिचा उजळपणा ठरतो अ‍ॅपर्चरवर आणि आयएसओवर. वेळ वाढवला तर उजळतात ते डोंगर, ढग आणि गाव. दूरच्या विजेला एफ ५.६ पुरते, जवळच्या विजेला एफ ११ लागते. एफ १६ लागू लागले, तर फोटोचा विचार सोडून गाडीत बसण्याचा विचार करावा.

कॅमेऱ्यातली ‘नॉइज रिडक्शन’ ही सोय आधी बंद करावी. ती चालू राहिली तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद ध्यान लावून बसतो, आणि त्या रात्रीची सर्वांत देखणी वीज नेमकी तेव्हाच पडते. स्वयंचलित मोडवर विसंबणाऱ्याची गत आणखी वेगळी: अंधार पाहून कॅमेऱ्याचा फ्लॅश उडतो आणि समोरच्या विजेला चिमुकले प्रत्युत्तर देतो. पहिल्या तासात बहुतेकांना लाभतो तो घाट चढणाऱ्या एसटीच्या दिव्यांचा लांबलचक पट्टा. तो मात्र झकास येतो.

नवख्याची निराशा हाही जुनाच अनुभव असावा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये विजेचा फोटो टिपला, तेव्हा चित्रकार पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेली करवतीच्या दातांची वीज खोटी ठरली. खरी वीज झाडाच्या मुळांसारखी फुटत, वळत जाते. कॅलेंडरांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

अडचण अशी, की वीज जिथून सर्वांत छान दिसते तिथेच ती पडायलाही येते. पाचगणीचे टेबल लँड म्हणजे सपाट, उघडे पठार. त्यावर धातूचा ट्रायपॉड उभारून शेजारी उभे राहणे म्हणजे आमंत्रणपत्रिका छापणे होय. लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर निघतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली. अशा वेळी झाडाखाली न जाता पत्र्याच्या छपराच्या गाडीत काचा वर करून बसावे. वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. सोबत्यांत कोणी पायाळू असेल तर इतर जण त्याच्यापासून सरकून बसतात. वीज कोणाच्या जन्माची चौकशी करीत नाही, पण हे त्या गर्दीत पटवून देता येत नाही.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतच काढावा लागतो. कॅमेरा तेवढ्यात डॅशबोर्डवर टेकवून चालू ठेवला जातो. घरी आल्यावर शे-दीडशे काळ्या चौकटींत एक सापडते: ढगापासून वाईपर्यंत अखंड उतरलेली, फांद्या फुटलेली वीज, आणि तिच्यासमोर आडवा वायपर.