धक्कामीमांसा, अर्थात बंद गाडी ढकलण्याचे सप्रमाण विवेचन

मराठीत लोणच्यांवर पुस्तके आहेत, हस्तरेषांवर आहेत, स्वप्नात साप दिसल्यास काय समजावे यावरही आहेत. पण बंद गाडीला धक्का कसा मारावा यावर एकही ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. ज्यांना ही विद्या येते त्यांना धाप लागलेली असते, आणि ज्यांना बोलायला सवड असते ते गाडीच्या आत बसलेले असतात, हे या उपेक्षेचे कारण असावे. प्रस्तुत लेखकाने दोन्ही जागा भूषवल्या आहेत, म्हणून हा प्रपंच.

१. अनुबंध

जुन्या शिरस्त्याप्रमाणे ग्रंथारंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात. विषय : धक्का. प्रयोजन : गाडी सुरू होणे, ते न साधल्यास निदान ती दुसऱ्याच्या गेटसमोरून हलणे. अधिकारी : ज्याच्या पायांत स्लिपर नाही असा कोणीही. संबंध : माझे आजोबा.

आजोबांकडे १९७८ सालची पद्मिनी आहे. आरसी बुकात पद्मिनी, तोंडात फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून निघणाऱ्या फियाट ११०० डिलाइटचेच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाले; पण सासरचे नाव लावायला आजोबांची गाडी अजून तयार नाही. मी एकोणीस वर्षांचा असून मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे गाडी का चालत नाही हे मला समीकरण मांडून सांगता येते. ती चालू करता येणे हा वेगळा अभ्यासक्रम आहे.

२. संज्ञानिर्णय

'जुनी गाडी' कशाला म्हणावे, याविषयी आचार्यांत एकमत नाही. विलायतेच्या संप्रदायात सोवळे कडक. लंडन ते ब्रायटनच्या फेरीत १९०५ च्या आधी बनलेल्या गाडीलाच पंगतीत पान मिळते. १९१९ ते १९३० मधली ती व्हिंटेज. नंतरच्यांनी क्लासिक म्हणवून घ्यावे आणि ओसरीवर बसावे.

आपल्याकडे २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी वीस हजार. मात्र ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतेच बाहेर पडायचे. आमच्या गाडीची पन्नाशी जवळ आली म्हणून मी हा नियम मोठ्या उत्साहाने आजोबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे पन्नास वर्षं इमानानं चालली, म्हणून आता तिनं मंडईत जायचं नाही?" आजोबांना अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल मिळाली होती. विषय मी वाढवला नाही.

आजीचे वर्गीकरण सर्वांत सुटसुटीत आहे. गाड्या दोन प्रकारच्या : नेणाऱ्या आणि न्याव्या लागणाऱ्या.

जाता जाता एक टीप. १९५० च्या दशकातल्या गोलमटोल फियाटला लोक 'डुक्कर फियाट' म्हणत आणि आजही म्हणतात. हे नाव नाकावरून पडले की पाठीवरून, हा वाद मिटलेला नाही. पण ते लाडाने घेतले जाते, एवढे नक्की. मालक स्वतः तसे म्हणतो. शेजाऱ्याने म्हटले तर राग येतो.

३. प्रक्रिया

मूळ सूत्र असे : 'किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाब, ढकल, सोड.' आता याचे भाष्य.

'किल्ली चालू' हे पद फाजील वाटेल. पण चौघांनी घाम गाळून तीन विजेचे खांब ओलांडल्यावर किल्ली आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात असल्याचे उघडकीस आल्याचा प्रसंग आमच्या गल्लीच्या इतिहासात आहे. सूत्रकार एक अक्षरही वाया घालवत नाहीत ते असे.

'दुसरा' का? पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की चाकांना इंजिन फारच भरभर फिरवावे लागते, तेवढा जोर त्यांच्यात नसतो. गाडी गचका खाऊन जागीच थांबते आणि ढकलणाऱ्याच्या हनुवटीवर डिकीची कड उमटते. वरच्या गिअरला इंजिन पुरेसे फिरतच नाही. दुसरा हा मध्यममार्ग. पद्मिनीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असतो. तो ओढताना आजोबांच्या चेहऱ्यावर सतारीची खुंटी पिळणाऱ्याचा भाव येतो.

'सोड' हे पद कोणी उच्चारायचे? मागचे म्हणतात आम्ही, कारण वेग आम्हाला कळतो. आतला म्हणतो मी, कारण पाय माझा आहे. व्यवहारात दोघेही ओरडतात आणि क्लच तिसऱ्याच क्षणी सुटतो.

येथे दोन अपवाद. बॅटरी पार मेली असेल तर धक्का निष्फळ, कारण ठिणगीसाठी कॉइलला थोडा तरी करंट लागतो. धक्का मरगळीवर उतारा आहे, मृत्यूवर नाही. दुसरे, गाडी चैत्राच्या उन्हात घाटात बंद पडली असेल तर आधी बॉनेट उघडावे. पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते आणि वाफ पुढे सरकत नाही. पंपावर ओले फडके टाकून दहा मिनिटे कलिंगड खावे. आमच्या डिकीत फडके कायम असते. कलिंगड विकत घ्यावे लागते.

आमच्या घरी धक्क्याचा जो नित्यनेम आहे त्यात गाडीचा काहीच दोष नाही. बॅटरी सात वर्षांची आहे आणि बिल्डिंगसमोर उतार आहे. उतार फुकट असल्याने बॅटरी बदलली जात नाही. चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आला आणि हँडल मारण्यातून जग सुटले. ही बातमी आमच्या घरी पोचली आहे. अंमलबजावणी बाकी आहे.

ढकलणाऱ्यांत खरा आणि नुसता हात लावणारा असे दोन भेद. चालत्या गाडीमागे ते सारखेच वाकलेले आणि सारखेच कण्हत असतात. परीक्षा एकच. गाडी सुरू होऊन पुढे निघाली की खरा ढकलणारा दोन पावले पुढे कोलमडतो. हात लावणारा जागच्या जागी ताठ उभा राहतो आणि पहिला तोच म्हणतो, "झाली बघा!"

४. पूर्वपक्ष : कार्ट

आता प्रतिपक्षाचा विचार. माझे मित्र म्हणतात, धक्का हे मागासलेपण. खरे ड्रायव्हिंग कार्टमध्ये. या मताची वंशावळ तपासू. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेनडेल इथे आर्ट इंगल्स नावाच्या, रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने चार नळ्या जोडून त्यावर गवत कापायच्या यंत्राचे इंजिन बसवले. त्यातून हा खेळ निघाला. म्हणजे ज्या वाहनाचा मूळपुरुष हिरवळीवर राबत होता, त्याने फियाटला मागासलेली म्हणावे!

तरीही त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. भाड्याच्या कार्टचे इंजिन दोरी ओढून चालू करतात. क्लच सेंट्रिफ्यूगल : इंजिन वेगाने फिरले की आतले गुटके बाहेर फेकले जाऊन ड्रमला चिकटतात, मंदावले की सुटतात. इंजिन बंद असताना कार्ट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत ढकलत नेली तरी चाकांचा निरोप इंजिनाला पोचत नाही. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर ज्या १२५ सीसी रोटॅक्स कार्टच्या शर्यती झाल्या, त्यांना तर बटण असते. आमच्या सबंध फियाटला जे सुख नाही ते त्या पाटाएवढ्या वाहनाला आहे.

म्हणून मी प्रत्यक्ष प्रमाण गोळा करायला शहराबाहेरच्या एका ट्रॅकवर गेलो. दहा जणांच्या घामाचा इतिहास सांगणारे हेल्मेट मिळाले. आत घालायची जाळीची टोपी त्या इतिहासापासून संरक्षण देते असे म्हणतात. कार्टला दोनच पेडल असतात, उजवे अॅक्सिलरेटर आणि डावे ब्रेक. हे मला सांगितले होते. माझ्या डाव्या पायाला सांगितले नव्हते. पहिल्या वळणावर त्याने फियाटच्या संस्कारांनुसार क्लच समजून जे काही दाबले, त्यासरशी मी ज्या दिशेने आलो होतो तिकडे तोंड करून उभा राहिलो. समोरून पाच जण येत होते.

मार्शलने पिवळा झेंडा हलवला, धावत आला, मागचा बंपर धरून कार्ट फिरवली आणि म्हणाला, "दादा, डावा पाय झोपू द्या." मग त्याने कार्टला धक्का दिला.

५. सिद्धान्त

हाच तो क्षण. जिथे धक्का इंजिनाला काडीचा उपयोगी नाही, तिथेही तो टळला नाही. सिद्धान्त असा : धक्का फियाटला गती देतो, कार्टला दिशा.

शिष्टाचाराचे प्रमाणही आहे. आयर्टन सेन्ना १९७९ आणि १९८० साली कार्टिंगच्या जागतिक स्पर्धेत दुसरा आला. त्या काळच्या १०० सीसी कार्टना ना क्लच होता ना स्टार्टर. मागून कोणीतरी कार्ट उचलून धावायचे आणि वेग आला की चाके जमिनीवर टेकवायची. पुढे तीनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या माणसालाही सुरुवात आमच्या गल्लीसारखीच करावी लागली.

पुढच्या खेपेला आजोबा सोबत आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या आठ फेऱ्या पाहिल्या आणि निकाल दिला, "अरे, तू गाडी वळवत नाहीस, खरवडतोस." पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीवर त्यांचे हात तयार झालेले; गरजेपेक्षा चाक फिरवणे त्यांच्या लेखी उधळपट्टी. गंमत म्हणजे कार्टचेही शास्त्र तेच सांगते. कार्टला डिफरन्शियल नसते, मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर फिरतात. त्यामुळे विजेच्या खांबापाशी पोचलेल्या कुत्र्यासारखा मागचा एक पाय, तोही आतल्या बाजूचा, उचलल्याशिवाय तिला धड वळता येत नाही. चाक फार पिळले तर पुढची टायर घासतात, वेग मरतो, आणि तेवढेसे इंजिन तो परत कमावीपर्यंत पाच जण पुढे जातात. मी हात सैल सोडले. शेवटच्या कागदावर माझी फेरी सत्तेचाळीसवरून चव्वेचाळीस सेकंदांवर आली होती.

६. अधिकारान्तर

या पराक्रमाचे फळ म्हणून परवा सकाळी आजोबांनी मला स्टिअरिंगवर बसवले आणि स्वतः मागे गेले. मी म्हटले, "आजोबा, तुम्ही नका ढकलू." ते म्हणाले, "मी ढकलत नाही, हात लावतो." वॉचमन आणि इस्त्रीवाला खरे ढकलणारे. चोक ओढला, दुसरा टाकला, उतार सुरू झाला. "सोड!" मी पाय उचलला, गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बोलू लागले.

थांबलो तर बंद पडेल म्हणून थांबता येईना. आरशात पाहिले. दोघे पुढे कोलमडलेले, आणि त्यांच्या मागे आजोबा रस्त्याच्या मधोमध ताठ उभे. उजव्या हाताचा तळवा माझ्याकडे करून ते तो पुन्हा पुन्हा पुढे ढकलत होते. माझा गळा दाटला. हा आशीर्वाद, हे वारसा सोपवणे; या ग्रंथाचा उपसंहार इथेच करायचा असे मी चालत्या गाडीत ठरवलेसुद्धा.

कोपऱ्यावर गाडीने भकाभका काळा धूर सोडला, दोनदा खोकली आणि बंद पडली.

पाच मिनिटांनी आजोबा चालत येऊन खिडकीशी उभे राहिले. "केव्हाचा हातानं सांगतोय," ते म्हणाले, "चोक आत ढकल, चोक आत ढकल म्हणून."

उतार संपला होता. वॉचमन जागेवर परतला होता. मी उतरलो आणि बुटांच्या नाड्या बांधल्या.