एबीएस हाय न्हवं?

हुपरी रोडला नवी पिकअप आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि पहिला सवाल ठरलेला असतो: टन किती वढतीया? ब्रेक कसला हाय, असं विचारणारा अजून भेटायचाय.

गांधीनगरच्या कापडाचे गठ्ठे, गोकुळ शिरगावातलं ओतकाम, मार्केट यार्डातला गूळ. गडमुडशिंगीच्या नाक्यावर तासभर उभं राहा, अर्धा करवीर तालुका पिकअपवर लादून चाललेला दिसेल. एवढा माल थांबवायचा कशानं, याचा हिशेब कुणी मांडलाय?

विचारलंच तर उत्तर तयार असतं. एबीएस हाय की!

असेल. पण एबीएस असलं की गाडी जागच्या जागी थांबते, हा समज आधी डोक्यातून काढा. चाक जाम झालं की स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते. एबीएस चाकाचा वेग मोजत राहतं. चाक जाम व्हायला आलं की ब्रेकचा दाब सोडतं आणि पुन्हा धरतं, एका सेकंदात कैक वेळा. म्हणून पाय ब्रेकवर असतानाही गाडी वळवता येते. कुठं वळवायची, ते मात्र ड्रायव्हरनंच ठरवायचं.

त्या वेळी पॅडल पायाखाली थरथरतं, कडकड वाजतं. ड्रायव्हरला वाटतं काहीतरी तुटलं, आणि तो पाय उचलतो. दुसरा जुन्या सवयीनं पंप मारत बसतो. दोन्ही चूक. जोरात दाबा आणि दाबूनच धरा. गाडी ताब्यात देताना हार घालून फोटो काढतात, पण हे एक वाक्य सांगायला कुणाला वेळ नसतो.

आता पिकअपचं खास दुखणं. ते मागं आहे.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. ब्रेक मारला की वजन पुढं झुकतं, मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पिकअपना एबीएस बसवायला लागले, तेव्हा ते फक्त मागच्या चाकांना होतं, ते याच कारणानं. म्हणजे माल उतरवून परतणारी गाडी जास्त दगा देणारी. आणि परतताना आपण हमखास जास्त पळवतो.

उपयोग किती होतो? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं २००९मध्ये हिशेब दिला. पिकअप, व्हॅन आणि एसयूव्ही मिळून एकूण अपघातांत सापडण्याचं प्रमाण एबीएसमुळं ८ टक्क्यांनी घटलं, मोटारींचं ६ टक्क्यांनी. जीव घेणाऱ्या अपघातांत? निव्वळ फरक जवळपास शून्य. ओल्या रस्त्यावरच्या धडका कमी झाल्या, पादचारी वाचले. पण गाडी रस्ता सोडून बाहेर जाण्याचे प्रकार वाढले.

जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सीचालकांवर अभ्यास झाला होता. एबीएसवाले जास्त धसमुसळेपणानं चालवायला लागले आणि अपघात काही घटले नाहीत. यंत्रानं दिलेली सवलत पायानं खर्च केली.

आता आपला उद्योग बघा. गाडी दीड टनाची, माल तीन टन. मग गॅरेजात नेऊन पाटे वाढवायचे. पण बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला, यावरून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. पाटे वाढवले की हौदा बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो. तीन टन माल मागं, ब्रेकचा सगळा भार पुढं. हे नुकसान पैसे मोजून विकत घेतलेलं असतं!

टायरची तीच कथा. टायरचा गोटा झालेला, आणि भरवसा एबीएसवर. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. ती नसेल तर संगणक काय धरणार?

गळीत हंगामात तर विचारूच नका. जवाहर कारखान्याकडं ट्रॉल्या चालतात आणि रस्त्यावर चिखल, पाचट, वाडं पडत राहतं. सुट्या खडीवर तर एबीएसची गाडी जाम चाकाच्या गाडीपेक्षाही लांब जाऊन थांबते, कारण जाम चाकापुढं खडीचा ढीग साचून अडसर होतो आणि एबीएस तो साचू देत नाही. ताशी ६०ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंत रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली समोर.

करूळ घाट उतरतानाही एबीएस कामाचं नाही. तिथं ब्रेक तापून मरतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यानं वाचलेल्या डिझेलचा भाव एकदा घरच्यांना विचारावा.

आणि डॅशबोर्डावर एबीएसचा दिवा पेटला तर? फ्यूज काढून दिवा विझवणारे कारागीर आहेत. अमेरिकेत बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चाकाजवळचे सेन्सर गंजले, म्हणून २००५मध्ये एका कंपनीला सुमारे ८ लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलवाव्या लागल्या. आपल्याकडं पाना फिरवला की काम झालं.

तरीही एबीएस हवंच. २०१९पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं, १२५ सीसीवरच्या दुचाकींनाही झालं. जड ट्रकना त्याआधीच. मधली पिकअप त्या मोटारींच्या यादीत का नव्हती? दिवसभर रस्त्यावर तीच, पहाटेच्या धुक्यात तीच, आणि तिचा ड्रायव्हर विशीतला पोरगा. त्याच्या जिवाची किंमत शनिवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या मोटारवाल्यापेक्षा कमी कुणी ठरवली?

नवी गाडी घेताना कोटेशनात एबीएसची ओळ शोधा. चारही चाकांना आहे का, तेही विचारा. टनाचं नंतर.

एक राहिलंच. चैत्रात जोतिबाला, एरवी वऱ्हाडाला आणि ऊसतोडीला पिकअपच्या हौद्यात माणसं उभी असतात. मालाच्या गाडीत माणसं भरायला बंदी आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माणसांना पट्टा नाही, टेकायला पाठ नाही. ब्रेक जितका चोख लागेल, तितक्या जोरानं ती केबिनवर आपटतील.

वऱ्हाडाला एसटी सांगा.