गेल्या सालच्या भावानं पेरलेली लेकरं

४ जून २०२४ रोजी परभणीत दोन निकाल लागले. दिवसभर लोकसभेला संजय जाधव की महादेव जानकर यावर चौकाचौकांत फेऱ्या मोजल्या गेल्या, पैजा लागल्या, आणि शेवटी जाधव निवडून आले. लोक अंगावरचा गुलाल झटकत घरी पोचतात न पोचतात तोच मोबाइल वाजू लागले. ‘नीट’चा निकाल आला होता. तो खरं म्हणजे १४ जूनला यायचा होता. दहा दिवस अगोदरच आल्यामुळे कित्येक बापांना मनाची तयारी करायला वेळ मिळाला नाही, आणि कित्येक लेकरांना मामाच्या गावी पसार व्हायला.

लोकसभेच्या निकालात एक सोय असते. आपला माणूस पडला तर यंत्राला बोल लावता येतो, जातीला लावता येतो, ऐन वेळी फिरलेल्या हवेला लावता येतो. नीटचा पडलेला उमेदवार मात्र समोर ताटावर बसलेला असतो आणि दुसऱ्यांदा भाजी मागत असतो.

त्या साली पहिल्या यादीत ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते, काहींना ७१८ आणि ७१९. बरोबर उत्तराला चार आणि चुकलेल्याला उणे एक असा हिशेब असल्यावर ७१८ येतातच कसे, हा प्रश्न देशभर गाजला. पुढे काहींना दिलेले वाढीव गुण रद्द झाले, सुप्रीम कोर्टापर्यंत वाद गेला आणि सुधारित यादीत ६७ चे १७ राहिले. या गडबडीत परभणीच्या लेकरांना एक महिना फार सुखाचा गेला. पेपरच फुटल्याची ओरड झाल्यावर आपले कमी गुणही सरकारच्या खात्यावर टाकता येत होते. जन्मात गणिताच्या वाटेला न गेलेले काका ओट्यावर बसून निगेटिव्ह मार्किंग समजावून सांगत होते.

इकडे दहावी पास झालेल्या पोराला रस्त्यात कुणीही थांबवतं आणि विचारतं, ‘काय करायलास आता?’ विचारणाऱ्याला दोनच उत्तरं मंजूर असतात. एक नीट, दुसरं जेईई. ‘बघतो अजून’ असं कुणी म्हणालंच तर त्याला बसवून घेतात. चहा येतो, आणि मार्गदर्शन सुरू होतं.

‘मामा, मला इतिहास आवडतोय.’

‘आवडू दे की! कुणी नको म्हणलंय? आधी एमबीबीएस हो, मंग दवाखान्यात बसून वाच तुझा इतिहास.’

मामांचा स्वतःचा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात तिसऱ्यांदा बसलेला असतो. पण मार्गदर्शन नेहमी दुसऱ्याच्या लेकरालाच करायचं असतं, आपल्या लेकरावर फक्त रागवायचं असतं.

मामांना हसणं सोपं आहे. पण परभणीचा माणूस निर्णय कसा घेतो हे कळायचं असेल तर त्याच्या वावरात जावं लागतं. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. मानवत आणि सेलूच्या बाजारात गाड्यांच्या रांगा लागल्या आणि ज्यांनी सोयाबीन पेरलं होतं ते कपाळाला हात लावून बसले. पुढच्या हंगामात जो तो कापसाकडे वळला. भाव उतरला. दहा हजारांची वाट पाहत कापूस घरातल्या खोल्यांत पडून राहिला आणि माणसं अंगणात झोपली. गेल्या साली ज्याला भाव, ते यंदा पेरायचं, हा इथला जुना हिशेब आहे. लेकरंही याच हिशेबानं पेरली जातात. फरक एवढाच की कापूस सहा महिन्यांत हाती येतो आणि लेकरू यायला सहा-सात वर्षं लागतात. तोवर बाजार पार बदललेला असतो.

१९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढची पंचवीस वर्षं इंजिनिअरचं पीक जोमात आलं. एका भावकीत एक पोरगा पुण्याला आयटीत लागला की त्या भावकीतली सगळी पोरं इंजिनिअरिंगला. मग जागा इतक्या झाल्या की त्या भरेनात. त्याच सुमारास डी.एड. वर आलं. बारावी झाली, दोन वर्षं काढली, की झेडपीचा मास्तर! पगार सरकारी, शाळा जवळपास, रविवारी वावर बघता येतं. यापेक्षा सुख ते कोणतं? गावोगाव डी.एड. कॉलेजं निघाली. आणि २०१० नंतर भरती जवळजवळ गोठली. २०१३ पासून टीईटी ही शिक्षकांची पात्रता परीक्षा आली, मग पोर्टल आलं. पोर्टलचं नाव ‘पवित्र’. त्याच्या दर्शनाची वाट बघता बघता कित्येक जणांचे केस पिकले आणि काहींची लेकरं बारावीला आली. त्या लेकरांना डी.एड. कर असं एकही बाप म्हणत नाही.

सध्या भाव नीटला आहे. पोराचं नाव जवळच्या ज्युनिअर कॉलेजात आणि पोरगा लातूरला नाही तर नांदेडला, अशी रीत आहे. जूनमध्ये गादी, बादली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन सगळं घर त्याला पोचवायला जातं. रूम, मेस, क्लास, टेस्ट सिरीज असा खर्च मांडला की एखाद्या एकराचा सौदा मनात सुरू होतो. पहिल्या फेरीत नाही जमलं तर ‘रिपीटर’. गल्लीत कुणी विचारलंच तर आई सांगते, ‘रिपीट करायलाय.’ हे ती अशा आवाजात सांगते की ऐकणाऱ्याला तो एमडी करतोय असं वाटावं.

परभणीकरांनी आंदोलनं करून मिळवलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ ला सुरू झालं, १०० जागांचं. नीटला २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या देशातल्या एकूण जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. हा भागाकार शाळेतल्या पोरालाही जमतो. बापालाही जमतो. फक्त बाप तो शेजाऱ्याच्या पोराला लावतो.

बापाच्या मनात काय असतं? मुख्य म्हणजे भीती असते, आणि ती खोटी नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्या जिल्ह्यातून वाहतात, तरी खरीप अजून ढगाकडे बघूनच उभं राहतं. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा, मग तो कितीही थोडा असो, त्याच्याइतकं अप्रूप इथं कशाचंच नाही. शिवाय लग्नाचा बाजार आहे. स्थळ पाहायला आलेले पाव्हणे पोराचा चेहरा नंतर बघतात, आधी विचारतात, ‘परमनंट हाय का?’ वावर किती हा प्रश्न पूर्वी पहिला होता. आता तो तिसरा आहे. आणि गंमत अशी की वावर तर पाहिजेच, पण पोरगा त्या वावरात नको! २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. परभणीत तो फोटो बघून लोक हसले. ज्यांच्या घरी तिशीतला पोरगा होता ते जरा कमी हसले.

म्हणूनच २०२३ मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांना राज्यातून दहा लाखांवर अर्ज आले. २०२४ मध्ये पोलिसांच्या १७ हजारांवर जागांना १७ लाखांवर. तलाठ्याच्या अर्जदारांत इंजिनिअरही होते. आधीचं पीक मोडून नवं पेरायला निघालेले.

या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट परभणीतच उभी आहे. १८ मे १९७२ रोजी इथं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. विद्यापीठानं कामं मोठी केली. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी केवडा रोगाला सहजी दाद देत नाही. ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे. अनेक कृषी पदवीधरांनी मात्र दुसरीच क्रांती केली. बी.एस्सी. ॲग्री करायचं आणि एमपीएससीला बसायचं, ही वाट अख्ख्या महाराष्ट्रात मळली आहे. शेतीतून सुटायला शेतीची पदवी घ्यायची, हा शोध ज्यानं लावला त्याच्या हुशारीला दाद दिलीच पाहिजे.

लेकरांवरचा हा दाब नवा आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं संत नामदेवांच्या नरसीला जाऊन यावं. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली परभणीतच होती, तेव्हा नामदेवांवर परभणीचा हक्क सांगायला हरकत नाही. बाप दामाशेटी शिंपी, कापडाचा धंदा. पोरानं तो सांभाळावा एवढीच अपेक्षा. पोरगा देवळात. महिपतीबुवांनी ‘भक्तविजया’त कथा सांगितली आहे. दामाशेटींनी पोराला कापड देऊन बाजाराला धाडलं. नामदेव तिथं नामस्मरणात रमले आणि सगळा माल धोंड्यांना उधारीवर देऊन मोकळे झाले. जामीनदार कोण? तोही धोंडाच. घरी येऊन हिशेब दिला तेव्हा बापाची काय अवस्था झाली असेल, हे ज्यांनी पोराच्या क्लासची फी भरून परत आल्यावर त्याच्या वहीत कविता पाहिल्या आहेत, त्यांनाच कळेल. आई गोणाईनं तर पुढची पायरी गाठली. गाथेतले तिच्या तोंडचे अभंग वाचले तर ती थेट पंढरपूरच्या देवळात जाऊन विठ्ठलाशी भांडते, माझ्या पोराला नादी लावलंस म्हणून. आजची आई फार तर क्लासच्या सरांना फोन करते.

पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. इतक्या लांबची आणि इतकी परमनंट जागा दामाशेटींनी स्वप्नातही पाहिली नसणार. तरी दामाशेटींना दोष देता येत नाही. त्यांच्या ओळखीत त्याआधी अभंग करून कुणाचं घर चाललं नव्हतं.

त्याच घरात गंगाखेडची जनी होती. परंपरा सांगते की तिच्या बापानं तिला लहानपणीच दामाशेटींकडे आणून सोडलं. तुला काय व्हायचंय, असा दाबही तिच्यावर कुणी टाकला नाही, कारण तिनं दळण-कांडण करायचं हे ठरलेलं होतं. इथं हसू जरा आवरावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे नीट की जेईई हा तिढाही निम्म्याच मुलींच्या वाट्याला येतो. बाकीच्यांचं करिअर बारावीच्या आत, मांडवात ठरतं. आणि ज्या मुलीला घरचे ‘तुला डॉक्टरच व्हावं लागंल’ म्हणून डोळे वटारतात, तिच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला तेवढं वटारून घेण्याचंही नशीब नसतं.

तरी अधूनमधून कुणी पट्टा सोडून पेरतंच. परभणीची ज्योती गवते रस्त्यावर पळत राहिली आणि २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. ४२ किलोमीटर पळून कुणाचं भलं झालंय, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी फोटो फॉरवर्ड केले.

आणि बी. रघुनाथ. जन्म १९१३ चा, सातोन्याचा. निजामाच्या राज्यात हैदराबादेत मॅट्रिक झाले, पण परिस्थितीमुळे कॉलेज राहिलं आणि परभणीला बांधकाम खात्यात कारकून झाले. म्हणजे प्रत्येक बापाला हवं असतं तसंच झालं की! सरकारी नोकरी, ठरलेला पगार. त्या माणसानं दिवसा फायली सरकवल्या आणि उरल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. एका कादंबरीचं नाव ‘जगाला कळले पाहिजे’. जगाला पुरतं कळायच्या आत, १९५३ साली, चाळिशीतच ते गेले. आज परभणीत सभागृह आहे ते बी. रघुनाथांच्या नावाचं. ज्यांच्या टेबलावर ते फायली नेऊन ठेवत त्या साहेबांची नावं गावात कुणाला विचारून बघावीत.

मामांना हे सगळं सांगून झालं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कपातला चहा बशीत ओतला आणि म्हणाले, ‘सभागृह मेल्यावर झालं ना? जित्या माणसाला महिन्याच्या महिन्याला काय?’ मामांचा मुद्दा खोडणं अवघड आहे, आणि जोवर वावरातून महिन्याच्या महिन्याला काही येत नाही तोवर तो खोडलाही जाणार नाही. दोष मामांचा निम्माच.

तेव्हा वाचकांना विनंती इतकीच. निकालाच्या दिवसांत परभणीकडे कुणाच्या घरी गेलात तर लेकराला मार्क विचारू नका, ते अगोदरच वीस जणांना सांगून थकलेलं असतं. त्याच्या बापाला विचारा, तुम्हाला काय व्हायचं होतं म्हणून. उत्तर यायला वेळ लागेल. जेवायला थांबा म्हणतीलच. थांबा.