बाणावर बसलेली फौज

इतिहासाच्या पुस्तकातल्या नकाशात फौज नेहमी बाणावर बसून जाते. पुण्याहून निघालेला जाड बाण सह्याद्री सरळ ओलांडून कोकणात उतरतो. वाटेत ना कडा, ना नाळ, ना ओढा. १६६१ साली मोगल सरदार कारतलबखानाला कुणी असाच नकाशा दाखवला असावा. गडी कुरवंडे घाटाने उतरला आणि उंबरखिंडीत कोंडला गेला. खिंडीचं नाव ज्यांना तोंडपाठ होतं, ते आधीच झाडीत दबा धरून बसले होते.

त्याच घाटावर नजर ठेवून नागफणीचा कडा उभा आहे. पर्यटकाला विचारा, तो ‘ड्यूक्स नोज’ सांगेल. वेलिंग्टनच्या ड्यूकचं नाक म्हणे असंच होतं. साहेब गेला; नाक अजून वर आहे. महाबळेश्वरात सिंडोल्याचा विल्सन पॉइंट झाला, तो झालाच. पण एकट्या साहेबाला तरी कशाला नावं ठेवायची? आपलीच रीलवाली पोरं दर पावसाळ्यात कुठल्या तरी धबधब्याचं ‘सिक्रेट वॉटरफॉल’ म्हणून बारसं करतात, आणि पुढच्या रविवारी तिथं गाडी लावायला जागा नसते.

खरी नावं गुराख्यांकडे आहेत, धनगरवाड्यावर आहेत, कातकऱ्यांच्या वाडीत आहेत. त्यांच्या लेखी डोंगर हा एक डोंगर नसतोच. सोंड वेगळी, दांड वेगळा, लवण वेगळं, बारमाही पाण्याची जागा वेगळी, आणि ज्याला त्याला नाव. ती टिपायची तर त्यांच्यामागून चालावं लागतं. चावडीत बसून यादी मागणाऱ्याला देवळाचं आणि शाळेचं नाव मिळतं. शिवाय वर एकदा आणि खाली एकदा विचारावं लागतं, कारण एकाच डोंगराला घाटावरचे एक म्हणतात, कोकणातले दुसरं, आणि दोघंही बरोबर असतात. नकाशावाल्याला मात्र एकच हवं, तेही इंग्रजी स्पेलिंगात. मग कुणीतरी ते स्पेलिंग वाचून परत मराठीत आणतो आणि म्हाताऱ्याला आपलाच डोंगर ओळखू येत नाही.

पूर्वी शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष काढत. कुठला दगड, कुठलं झाड, कुठला ओहोळ, सगळं त्याला ठाऊक. माणूस गावकुसाबाहेर ठेवला आणि गावाची हद्द त्याच्या जिभेवर! त्या तंट्यांचे महजर, म्हणजे निवाडापत्रं, दप्तरांत आहेत. त्यांतलं टेपाड आज जमिनीवर नेमकं कुठं, हे बघायला उन्हात कोण जातो? परिसंवाद सावलीत असतात.

सरकारने तर सोयही करून ठेवली आहे. सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना छापलेला असतो. आपला काढून बघा. बहुधा कोरा निघेल. शहराच्या नावासाठी आपल्याकडे मोर्चे निघतात, ओढ्याच्या नावासाठी साधं निवेदन नाही. मिठी ही नदी आहे हे कित्येक मुंबईकरांना २६ जुलै २००५ ला कळलं, तेही ती घरात शिरल्यावर. बाकीचे ओहोळ आराखड्यात ‘नाला’ या एकाच नावाने सुखाने नांदतात. बिल्डरलाही तेच बरं. आंबील ओढा बुजवतो म्हटलं तर चार पुणेकर तरी भांडायला उठतील. बिननावाचा बुजवला तर हरकतीच्या अर्जात लिहायचं काय?